देशाची ओळख

शेजारची उर्वी वही घेऊन आली.
सातवीत आहे. प्रकल्प: एका लहान देशाची ओळख.
बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, हिच्या हाताला ब्रुनेई लागला,
आणि अख्ख्या पिसुर्ल्यात ब्रुनेई म्हणजे मी.

क्षेत्रफळ?
गोव्याच्या दीडपट धर.
माणसं मात्र आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
राजधानीचं नाव ऐकून ती खुदकन हसली. बंदर!
म्हटलं, माकड नव्हे गो, तारवं लागतात ते बंदर.
आणि पुढचं सेरी बेगावान जरा सावकाश म्हणून बघ:
श्री भगवान.
आपल्याकडचे शब्द कधीतरी शिडावर बसून गेले
आणि तिथलेच झाले, कागदपत्रांशिवाय.
माझे कागद दर दोन वर्षांनी नवे करावे लागत.

मुख्य उत्पादन.
तिने आधीच लिहून ठेवलं होतं, तेल आणि वायू.
बरोबर आहे.
सेरियाच्या किनाऱ्यावर पंप उभे असतात,
मान खाली, मान वर, दिवसरात्र,
नंदीबैलासारखे.
पाऊस पडेल? हो. पोरगा पास होईल? हो.
पगार वाढेल? हो, हो.
एकवीस वर्षं मी त्यांच्या मानेला वंगण घातलं.

लिही: आयकर नाही.
शाळा फुकट, दवाखाना जवळजवळ फुकट, तिथल्यांना.
तांदूळ बाहेरून. भाजी सीमेपलीकडून.
हातसुद्धा बाहेरून,
माझे, कुंकळ्ळीच्या कायतानचे,
आणि एका फिलिपिनो वेल्डरचे, ज्याला दोनच बोटं सरळ होत.
शुक्रवारी बारा ते दोन अख्खा देश शटर ओढतो.
"आपल्याकडे रोज ओढतात," उर्वी म्हणाली.
ते वेगळं, म्हटलं, ते लिहू नको.

चवथीला कायतान रंबुतानचे घोस आणायचा,
खोलीच्या आत, दार लोटून, आम्ही माटोळी बांधायचो.
दारू विकत मिळत नसे.
तो म्हणायचा, गोंयकाराला देवाने इतकी कडक परीक्षा
दुसरीकडे कुठे घेतली नसेल.
हेही लिहू नको.

पण हे लिही, रकाना नसला तरी.
त्यांनी रान राखलं.
पुण्यवान म्हणून नव्हे, गरज पडली नाही म्हणून,
पैसा समुद्राखालून येत होता.
विमानाच्या खिडकीतून मी बघायचो,
हिरवं, कुठे चीर नाही,
मग दाबोळीला उतरायचो,
आणि होंड्याच्या पुढे सगळं लाल,
रस्ता लाल, केळीची पानं लाल, आईचं धुतलेलं लुगडं लाल.
आमचा डोंगर तेव्हा ट्रकातून चालला होता.
मी तिकडून पैसे पाठवायचो, भावाने त्यातून
दुसरा ट्रक घेतला.

मग तेलाचा भाव पडला. कंत्राट संपलं.
घरी आलो तर खाणही बंद,
दोन्ही ट्रक अंगणात, एकावर दोडक्याचा वेल,
फुलं लागलेली.

"काका, तेल संपल्यावर ते काय करणार?"
हा प्रश्न तिच्या तक्त्यात नव्हता.
माझी मान आपोआप हलली,
हो की नाही, मलाच कळलं नाही.

चार वाजले होते. पंप सुरू करायचा होता.
हल्ली तेच काम आहे माझं,
खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी
खालच्या वायंगण शेताला सोडायचं.
तीही आली, वही काखोटीला, चपला हातात.
पाईप खोकला.
आधी नुसती हवा, मग गाळ, तांबडा,
मग बऱ्याच वेळाने पाणी.

"याची खोली किती?"
कोणी मोजली नाही गो, म्हटलं.
इथे डोंगर होता.

ती थोडा वेळ पेन्सिल धरून थांबली.
"हे ब्रुनेईत नाही येत," म्हणाली,
आणि वही मिटून
पाईपच्या तोंडाशी पाय धुवायला बसली.